मंगळवार, आठ पस्तीस

पत्रात लिहिलंय: सैल कपडे घाला,
गोळ्या डब्यांसकट आणा,
रक्त पातळ करणारी एकही चुकवू नका,
झटक्यांची वही ठेवत असाल तर तीही.
खाली, सहीच्या वर: शक्य असल्यास ॲब्लेशन.
त्या ‘शक्य असल्यास’वर दोन आठवडे
चहाचा कप ठेवून ठेवून
गोल डाग पडलाय.

फॉर्म भरायला नणंद आली, विल्मीना,
चष्मा नाकाच्या शेंड्यावर.
जिना चढताना दम लागतो का?
जिना कुठाय आपल्याकडे? टेकडी लिही.
आठवड्याला दारू किती?
जानेवारी धरून की सोडून?
घरी सोबत कोण?
ती थांबली. मी म्हटलं, कुत्रा लिही.
तिनं स्वतःचं नाव लिहिलं,
फोन नंबरासकट, ठळक.

लॉरीनं समजावलं, बांधावर बसून:
दगडी बांधाला भगदाड पडलं
की मेंढ्या रोज तिथूनच पळतात.
मांडीतून तार आत नेतात म्हणे,
भगदाडं शोधतात, डागून बुजवतात.
लॉरी सगळं मेंढ्यांतूनच समजावतो.
मागच्या वर्षी स्वतःचा घटस्फोटही
त्यानं असाच समजावला होता.
तेव्हा जास्त कळलं होतं.

वही निळी.
मागून शाळेच्या बसच्या डिझेलचा हिशेब,
पुढून माझं काळीज.
तीन तारीख, पहाटे तीन चाळीस, बावीस मिनिटं, झोपेत.
अकरा, दुकानात बटाटे तोलताना, चार.
एकोणीस, हसताना.
कशावर हसत होते ते लिहायचं राहिलं.

आणखी एक राहिलंय. ते विसरून नाही.

मंगळवार, सकाळी आठ पस्तीस.
खाडीच्या वळणावर कुणी छातीत
जिवंत माशांची टोपली उलटी केली.
रस्ता एकपदरी.
समोरच्याला वाट द्यायला फुगवटा ठेवलाय,
त्यात बस घातली, हँडब्रेक ओढला.
मागं सात मुलं.
सील दिसतायत का बघा, म्हटलं, मोजा.
त्यांनी नऊ मोजले.
धाकटा मॅन्सी म्हणाला, अकरा.
काचेवर सात नाकांची वाफ.
मी स्टिअरिंगवर मनगट दाबून
माझं मोजत होते, हिशेब लागत नव्हता.

सहा मिनिटांनी निघालो.
मुख्याध्यापकांना सांगितलं, मेंढ्या आडव्या आल्या.
लोक म्हणतात, घाबरलं की ठोका चुकतो.
माझा आधी चुकला.
घाबरले मी नंतर,
सात दप्तरं उतरून गेल्यावर,
रिकाम्या बसमध्ये, सीटखाली पडलेला
एक हातमोजा उचलताना.

लिहिलं तर लायसन्स जाईल, निदान काही महिने.
दुसरा ड्रायव्हर गिडियन,
त्याला रात्रीचं दिसत नाही,
आणि आमच्याकडे हिवाळ्यात
सकाळचे साडेआठ म्हणजे रात्रच.
बस चुकली तर चालत सहा मैल.
हे सगळं खरं आहे.
हे सगळं मी स्वतःलाच सांगते,
तेही खरं आहे.

ॲबर्डीनला बोटीनं एक रात्र.
केबिनचे पैसे वाचवले, खुर्चीत बसले.
मध्यरात्री समुद्र उभा राहिला.
पलीकडचा माणूस कागदी पिशवीत तोंड घालून
देवाशी काहीतरी ठरवत होता.
मी वही मांडीवर घेतली.
पेन्सिल एकदा कागदावर, एकदा हवेत.
वेडंवाकडं लिहिलं:
मंगळवार, आठ पस्तीस. सहा मिनिटं.
बसमध्ये. मुलं सात.
मग बोट खाली गेली,
आणि वर येईपर्यंत आणखी एक ओळ झाली:
सील एकही नव्हता.

आता छातीवर बारा गार चिकट्या.
नर्स वही चाळते.
छान ठेवलीय, म्हणते, बहुतेक जण ठेवत नाहीत.
पान उलटते. बोट शेवटच्या ओळीवर थांबतं.
सील?
मी तोंड उघडते.
थांबा, ती म्हणते, मशीन सुरू केलंय,
अर्धा मिनिट हलू नका,
बोलू नका.