माचिलीतून म्हशीकडे

चित्र बघितलं मी. गोऱ्यानंच दाखवलं,
रायबंदरच्या तावेर्नात, टेबलावर पसरून.
फेणीच्या पेल्याचा ओला गोल उमटला कडेला.
सगळे हसले. मीही हसलो,
भोयाला हसायचं भाडं कोण मागतो?

चित्रात दोम कायतान आहेत,
पाय आभाळाला, डोकं मिठागरात,
माचिलीचा पडदा गळ्यात गुरफटलेला,
आणि पीठ फासलेला तो केसांचा टोप
म्हशीच्या शिंगावर,
जशी काही म्हैसच निघालीय
पणजीला, गव्हर्नरच्या नाचाला.
झालं तसंच. खोटं नाही काढलं त्यानं.

पण चित्राला ठाऊक नव्हतं
की टोप मेहुण्याचा.
रेशमी कोट तीन भावांत एक,
त्या दिवशी यांची पाळी. बाकीचे दोघे
घरी उघड्यानं, खिडकीआड,
कोणी आलंच तर आतून खोकायला.
माचील उसनी, दांडी वाळवीची.
चार दिवस सांगत होतो.
म्हणाले, "शाबी, हिच्यावरून
दोन व्हिसरेई गेलेत."
वाळवीला घराणं कळत नाही, सिन्योर,
असं मनात म्हटलं.
तोंडानं म्हटलं, व्हय.

भरती चढत होती. बांध हा एवढाच.
समोरून पोदेर, डोक्यावर पावांची टोपली,
तो अंग चोरून निघून गेला.
त्याच्यामागं म्हैस.
"बाजूला घेऊ?" नरसूनं विचारलं.
आतून आवाज आला,
"मेनेझिश म्हशीला वाट देत नाहीत!"
म्हशीचंही काही घराणं असावं.
तीही हटली नाही.

कडाड्.

गोरा चार पावलांवर बसला होता छत्री रोवून.
हात द्यायचा सोडून शिसपेन्सिल काढली,
म्हणाला, हलू नका.
आणि दोम कायतान, खरंच सांगतो,
हलले नाहीत.
उलट हनुवटी वर केली,
म्हणजे खाली.

आम्ही चौघं? आहोत की चित्रात.
गुडघ्यापर्यंत.
वरचा कागद म्हशीला लागला.
खेमोचा मुरगळलेला पाय अगदी हुबेहूब,
नरसूला मात्र पाच बोटं दिलीत,
चार आहेत त्याला.
माझा खांदा दांडीनं फाडला,
आणि पडलो तो मिठाच्या पाण्यात.
किंचाळलो असेन.
चित्रात आवाज येत नाही, बरं असतं.

दोन दिवसांनी दोम कायतान आले, टोपाशिवाय,
डोकं उकडलेल्या अंड्यासारखं.
भाड्याचं काही बोलले नाहीत.
गोरा चित्र विकतोय म्हणे,
तीन तांगे आहेत का तुझ्याकडं?
जाळायला हवं होतं की भिंतीवर लावायला,
मी विचारलं नाही.
दिले.

मोडकी दांडी तारण म्हणून घरी आणली.
दोन व्हिसरेई वाहिलेलं लाकूड,
आतून सगळा भुसा.
भात होईतो पुरलं.