अर्धं लिंबू

बार्सेलोसला, आमच्या लॉजच्या खिडकीखाली
नदी काळी आहे, कोऱ्या चहासारखी.
पानं कुजतात तिच्यात, साली भिजतात,
दगड मात्र तिला काही देत नाहीत.
इतकं मऊ पाणी, की साबण
अंगावरून निघता निघत नाही.

त्यात पियाबा राहतात.
नखाएवढ्या. वर निळी रेघ, खाली लाल.
आदामोरमामा त्या टोपलीनं धरतो
आणि टोपलीवर विकतो.

मालक एव्हाल्दो समुद्राकाठचा, सिआराचा.
इथे येऊन वीस वर्षं झाली,
तरी उकाड्याला अजून शिव्या देतो.
त्यानं काउंटरजवळ काचेची टाकी मांडली,
पाणी नदीचंच, पण कोळशातून गाळलेलं,
पाहुण्यांना गढूळ वाटू नये म्हणून.
तळाशी पांढरे खडे,
चर्चच्या पायऱ्यांतून उरलेला संगमरवर,
आणि त्यावर त्याचे शिंपले, शंख,
पोवळ्याची एक मोडकी फांदी.
बुटांच्या खोक्यातून आणलेलं सगळं,
एकेक पुसून.

चार डझन पियाबा सोडल्या.
लोक फोटो काढत.

तिसऱ्या आठवड्यात निळी रेघ फिकी पडली.
कोपऱ्यात गोळा होऊन त्या धापा टाकत.
रोज पहाटे, पाहुणे उठायच्या आत,
मी चहाच्या गाळणीनं दोन-तीन उचलायचे.

मामा आला. बोट बुडवून चाखलं, तोंड वाकडं केलं.
कुणाच्या तरी ताटातलं अर्धं लिंबू घेतलं,
नदीतल्या गोट्यावर पिळलं: काही नाही.
शिंपल्यावर पिळलं:
फस्स.
"हा गप्प. हा बोलतो," मामा म्हणाला.
"समुद्रात हासुद्धा गप्पच असतो, मालक.
आमच्या आंबट पाण्यात याची जीभ सुटते.
शिंपला म्हणजे चुनाच की.
तुम्ही नदीला चुना लावलात."

मी हसले. एव्हाल्दो हसला नाही.

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात.
शिंपल्याची मेल्यावरही गेली नव्हती:
आत राहणारा कधीच निघून गेलेला,
आणि घर अजून स्वतःला थोडं थोडं
वाटून टाकतंय,
ज्याला नको त्यालाही.

दोन दिवस एव्हाल्दो टाकीकडे फिरकला नाही.
मग बाही दुमडून त्यानंच सगळं काढलं,
पोवळ्याची फांदी सर्वांत शेवटी.
पाणी एकदम बदलायचं नाही, मामानं बजावलं होतं,
चढलं तसंच उतरू दे.
रोज एक बादली बाहेर, एक बादली आत,
आता न गाळलेली, काळी.
आठवडाभरात टाकी एवढी अंधारली
की उरलेल्या अकरा पियाबा दिसतच नव्हत्या.
एका पाहुण्यानं विचारलं, रिकामी आहे का?
दिवा लावला तर
एक निळी रेघ सरकली.

त्या रात्री जनरेटर बंद करायला खाली आले,
तर मालक काउंटरवर, मेणबत्तीपाशी,
हातात अर्धं लिंबू.
शिंपल्यावर पिळायचा, कानाशी धरायचा.
रस कोपरापर्यंत ओघळलेला.
"ऐक," म्हणाला, "ओहोटी."

मी समुद्र पाहिलेला नाही.
शिंपला कानाला लावला.
मला तर ते
तापल्या तेलात मासा सोडल्यासारखं वाटलं.

"हो," म्हटलं,
आणि दुसरं अर्धं कापून दिलं.