सात छेद बारा

हडपसरची महापालिका शाळा, दुसरा मजला.
रात्रशाळेचा वर्ग. सव्वाआठ वाजलेत.
बाकं चौथीच्या पोरांची,
त्यामुळे सगळ्यांचे गुडघे बाहेर.
खाली सोलापूर रस्त्यावर
पुलाखाली तुंबलेली वाहनं आणि त्यांचे हॉर्न.

फळ्यावर मी लिहिलं:
एक छेद तीन अधिक एक छेद चार.

कौसल्या मगर उठल्या. वय त्रेचाळीस,
दिवसभर हॉस्पिटलात चादरी मोजतात,
चष्मा मुलाचा जुना.
खडू सुईसारखा धरून त्यांनी
वरच्यात वरचं मिळवलं, खालच्यात खालचं.
दोन छेद सात.

म्हटलं, बाई, नीट बघा,
दोन सप्तमांश म्हणजे एक तृतीयांशाहूनही कमी.
मिळवायला गेलो आणि होतं तेच घटलं?

"घटतं की सर," त्या म्हणाल्या,
"भावांनी सगळ्यांचं एकत्र केलं
तेव्हा माझं घटलंच."

वर्ग हसला. मीही, जरा उशिरा.

मग मी पुस्तकातलं सुरू केलं:
छेद वेगळे असले की अंश मिसळत नाहीत,
आधी लसावि काढा, समच्छेद करा...
वीस वर्षं तेच वाक्य, त्याच चालीत.
मागच्या बाकावर रिक्षावाला नौशाद
केव्हाच डुलक्या घेऊ लागला होता.

बाई फळ्यापाशीच उभ्या. हळूच म्हणाल्या,
"बारा गुंठे धरू या का?
तिसरा हिस्सा चार गुंठे.
चौथा हिस्सा तीन.
बाराच का, तर तिनालाही बांध सरळ पडतो
नि चारालाही.
कुठं गुंठा मोडायला लागत नाही."
आणि पदराच्या टोकानं
दोन छेद सात पुसून
लिहिलं: सात छेद बारा.

"सातबारा!" नौशाद दचकून जागा झाला.
"तलाठी आला काय?"
सगळा वर्ग खिदळला,
शेजारच्या वर्गातून कुणीतरी भिंतीवर थाप मारली.

बाई हसल्या नाहीत.

नंतर जिन्यात, एका हातात वही,
दुसऱ्यात रिकामा डबा, त्यांनी सांगितलं.
मांजरीच्या शिवेला रान होतं.
वडलांना वाटणीत तिसरा हिस्सा आलेला,
चौथा त्यांनी चुलतभावाकडून विकत घेतला,
म्हशी विकून.
आता तिथं अकरा मजले आहेत, खाली पोहायचा तलाव.
"हक्कसोडपत्रावर सही केली ना सर,
तेव्हा आकडे वाचता येत होते मला.
वरचा सात. खालचा बारा.
मधली रेघ कशाची
ते कुणी सांगितलं नव्हतं."

मला काही सुचलं नाही.
म्हणालो, उद्या वजाबाकी घेऊ.

"तीही अशीच?"

तशीच. आधी छेद सारखा करायचा.

त्यांनी मान हलवली,
वही डब्याच्या पिशवीत कोंबली,
आणि शेवाळवाडीची बस दिसली तशा
तीन-तीन पायऱ्या गाळत खाली पळाल्या.