पडदा धर

पाषाणच्या ऑफिसात, चौथ्या मजल्यावर,
आज मी तीनशे अठरा ओळी काढल्या.

ब्राउझरच्या पोटातल्या. जुन्या. काम त्यांचं एवढंच :
पान आलंय, पण कपडे अजून वाटेत आहेत,
तर थांब. पडदा धर.
आणि मधेच एखाद्या घाईच्या स्क्रिप्टने विचारलंच,
हा परिच्छेद उंचीला किती,
तर सांग अंदाजे काहीतरी.
स्टाईलशीट आली की पुन्हा मोज सगळं
पहिल्यापासून, मुकाट्याने.

वर टीप : "तात्पुरतं. य. बापट."
खाली तारीख. तेव्हा मी सातवीत होते,
कर्वे रस्त्यावरच्या सायबर कॅफेत
वीस रुपये तास देऊन
एक फोटो कपाळापासून हनुवटीपर्यंत
उतरायची वाट बघायचे.
तेव्हा तो अंदाज शहाणपणाचा होता.

आता पडदा धरायला हात उचलावा
तोवर नाटक सुरू झालेलं असतं.
उलट त्या ओळींपायी एकेक पान दोनदा मोजलं जायचं,
आणि टीममध्ये जो नवा येई
तो त्यांना हात न लावता बाजूने जाई,
बीआरटीच्या ओसाड थांब्याला
गाड्या वळसा घालतात तसा.

काढल्या. बिल्ड लावलं. चहा घेऊन आले.
बावीस हजार टेस्ट हिरव्या,
एक लाल.

उघडली. आत बापटांनी तपासणीसाठी केलेलं पान,
एकाच वाक्याचं, ना रंग ना समास :
"सुनंदा, लाइन पुन्हा गेली. तू जेवून घे."

अल्ताफ म्हणाला, ही टेस्टही काढ,
ती त्याच ओळींसाठी होती ना.
होती.

बापट कुठे असतात, विचारलं.
कुणी म्हणालं सहकारनगरला,
कुणी म्हणालं मुलाकडे,
एकाने नुसतीच मान हलवली.

कारण लिहायच्या चौकटीत आधी लिहिलं, "कालबाह्य."
मग ते खोडून, "काम झालं होतं."
ते जरा नाटकी वाटलं. पुन्हा "कालबाह्य."
फायदा किती, असं एक रकाना विचारतो.
चार मिलिसेकंद.

टेस्ट मात्र काढताना
मी ती दोनदा वाचली,
एवढा वेळ कुणाच्या हिशेबात धरला नाही.

साडेनऊ झाले होते.
डबा तसाच होता टेबलावर, सकाळपासून बंद.