काळभोर हाजिर?

सुई आत गेली तेव्हा जिभेतून वीज सरकली,
डाव्या कडेनं, थेट टोकापर्यंत.
मी हात वर केला. डॉक्टर निमोणकर म्हणाल्या, झालंच.
अक्कलदाढ निघाली. बधिरपणा राहिला,
दोन तासांचं सांगून आलेल्या पाहुण्यासारखा.

तिसऱ्या दिवशी आरशात जीभ काढून पाहिली.
आख्खी होती. गुलाबी. कुठे ओरखडा नाही.
पण मधोमध जणू गटनंबर बदललेला:
अलीकडे मी,
पलीकडे कुणाची तरी जीभ,
माझ्या तोंडात सांभाळायला दिलेली.

मी शिवाजीनगर कोर्टात पुकारा करतो. एकोणीस वर्षं.
दाराशी उभं राहून नाव तीनदा.
आणि ह्या जिल्ह्यात नावं तरी कसली,
काळभोर, वाळुंज, पिंगळे, काळोखे.
ळ म्हणायला जीभ उलटी वळवून टाळूला न्यावी लागते.
माझी अर्ध्या वाटेतच घसरायची.
'कालभोर' ऐकून लोणीचे एक आजोबा
बाकावर तसेच बसून राहिले.
त्यांचं नाव ते नव्हतंच.
वकील धावत आले म्हणून,
नाहीतर एकतर्फी हुकूम झाला असता.

त्या रात्री जेवलो नाही.
जेवून तरी काय, डावीकडे आमटी नुसती ओली लागायची.

डॉक्टर दर रविवारी फोन करायच्या. आवाज बारीक.
नस तुटली नसावी, दुखावली असेल.
तिला औषध नाही, वेळ आहे.
गोळ्या लिहून दिल्यात त्या खरं तर माझ्या समाधानासाठी.
एवढं खरं आमच्याकडे
शपथ घेऊनही कुणी बोलत नाही.
मेहुणा म्हणाला, ग्राहक मंचात खेच.
मी म्हटलं, बघू. पुढची तारीख.

मुलगी सराव घ्यायची, भाकरी थापता थापता:
पळी. गूळ. जळण. टाळं.
मी म्हणायचो, ती हसायची नाही.
हसली असती तर बरं झालं असतं.

चौथ्या महिन्यात मुंग्या आल्या.
कुणी बोलावल्या नव्हत्या.
आधी रात्री, मग भर दुपारी, साक्ष चालू असताना,
जिभेच्या कडेनं एकेक, ओळीनं.
कुणाला सांगितलं नाही. दृष्ट लागते.

मग एका मंगळवारी कँटीनमध्ये
वडा खाताना जीभ दाताखाली आली.
डावी बाजू.
आई गं!
डोळ्यांत पाणी. समोरचे कारकून उठले.
मी हात धुवायच्या नळापाशी गेलो
आणि मुद्दाम, पुन्हा एकदा, हळूच चावून पाहिली.

टोकाशी उडदाएवढी जागा अजून मुकी आहे.
असू दे.

परवा तेच प्रकरण बोर्डावर आलं.
मी दाराशी गेलो, जीभ वळवली, टाळूला टेकवली:
काळभोर, हाजिर?
काळभोर!
तिसऱ्यांदा तोंड उघडलं तोवर
आजोबा कानावर हात ठेवून म्हणाले,
किती ओरडतोस रे, इथंच तर बसलोय.