सातच्या पोटातली रेघ

पोलीस आले तेव्हा मी एका टेम्पोच्या मागे
‘फिर मिलेंगे’ लिहीत होतो.
‘मि’ची वेलांटी अर्धी राहिली.

चौहानसाहेबांनी पिशवी उघडली नाही,
नुसती उजेडासमोर धरली.
तळहाताएवढा पत्रा, कडा करपलेल्या,
आणि त्यावर एक सात.
“ये सात तेरा है?”
माझंच अक्षर ओळखायला
मी फार वेळ लावला.

सियागंजात सातच्या पोटात रेघ मारणारा मी एकटाच.
सवय वडिलांची. मिलमध्ये ते
कापडाच्या गाठींवर आकडे घालायचे.
म्हणायचे, एक आणि सातात गफलत झाली
तर माल भलत्याच गावी जातो.

गेला.

गाडी पांढरी होती. की क्रीम?
पोरगा विशीतला. डोळ्यांत अंगार वगैरे काही नाही,
सर्दी झालेली त्याला, बाहीला नाक पुसत होता.
“भिया, थोडा जल्दी कर दो.”
कागद दाखव, असं म्हणायचं असतं.
मी म्हणालो नाही. कुणीच म्हणत नाही.
साठ रुपये झाले. त्याच्याकडे पन्नासच सुटे होते.
दहा मी सोडले.
त्या दहांचा हिशेब अजून लागत नाही.

सगळे सांगतात, आवाज आला.
मला आधी दिसलं
ते टर्पेंटाइनच्या डब्यात उठलेलं वर्तुळ,
मग कानांत काहीच नाही,
मग वरून लोखंड यायला लागलं:
मुर्तझाभाईंच्या दुकानातल्या बिजागऱ्या, कोयंडे,
पाव इंची स्क्रू,
सगळं नवं कोरं, तेल लावलेलं.

मुर्तझाभाई गल्ल्यावर होते.
पायरीवर चहावाला बन्सी, सहा ग्लासांची जाळी घेऊन.
रामबागेतल्या पागनीसबाई
न्हाणीघराच्या दाराला कडी घ्यायला आल्या होत्या.
कडी त्यांच्या मुठीतच होती म्हणतात.
मी पाहिलं नाही.
एम. वाय. हॉस्पिटलच्या व्हरांड्यात रात्रभर
लोक चपला ओळखत बसले होते,
तिकडेही मी गेलो नाही.

मला तीन दिवस बसवून ठेवलं.
कोऱ्या कागदावर सात लिहून घेतले, ओळीनं.
पंचविसाव्याला हात थरथरला,
आकडा जरा निराळा आला.
साहेब म्हणाले, बघ,
वेगळाही लिहिता येतो की तुला.

सुटून आलो आणि रेघ सोडून दिली.
कुणाच्या लक्षातही आलं नाही.
गाड्या येतात, मी कागद मागतो,
लोक चिडून पुढच्या दुकानात जातात.
बायको विचारत नाही, आज किती झाले.
रात्री ती माझ्या बोटांचा रंग
रॉकेलच्या बोळ्यानं पुसते
आणि पुसून झाल्यावरही पुसत राहते.

चाळीसावा झाल्यावर हुझैफानं शटर वर केलं.
बोर्ड अर्धा जळालेला. मीच रंगवलेला, बारा वर्षांमागे,
फोन नंबरात दोन सात.
मी म्हटलं, करून देतो, पैशांचं राहू दे.
तो बोर्डाकडे बघत राहिला, माझ्याकडे नाही.
त्याला ठाऊक आहे. सबंध बाजाराला ठाऊक आहे.
“पैसे घ्यावे लागतील,” म्हणाला.
आणि मग, आत जाता जाता,
“नंबर होता तसाच लिहा.
बावाजींची जुनी गिऱ्हाइकं आहेत, चष्मेवाली.
सातचा एक वाचतात
आणि भलत्याच घरी फोन लागतो.”

शिडीवर चढलो.
बन्सीच्या जागी आलेला नवा पोरगा
खाली शिडी धरून उभा.
पहिला सात झाला, उभा, तिरका, पोट रिकामं.
ब्रश बुडवून घेतला.
समोर रस्त्यात भरलेल्या खड्ड्याचं डांबर
बाकीच्या डांबराहून काळं दिसतं इथून.
“चाचा,” पोरगा खालून ओरडला,
“रंग गळतोय माझ्यावर.”