वाफसा

बुधवार, दुपारचे चार.
चाळीस यार्डांच्या रेषेवर टाच रोवली.
बूट उचलताना अजून पचकन आवाज येतो.
कोच मक्गिलवरी कुंपणापलीकडून ओरडतो,
"अर्मिंदो, उद्या सकाळपर्यंत वाळेल ना?"
वाळायला हे काय धुणं आहे?

मला कोरडं नको. चिखलही नको.
मधलं काहीतरी हवं:
मूठ दाबली की मातीचा गोळा व्हावा,
अंगठा टोचला की फुटावा.
एवढंच. पण ते कधी येतं
आणि किती तास राहतं,
हे हवामानवाल्या बाईलाही सांगता येत नाही.

मागच्या शुक्रवारी इथे बँड नाचला. भर पावसात.
चौसष्ट पोरं, आठ ट्यूबा, बैलाएवढा एक ढोल.
ट्रंपेटवाल्यांनी जिथे गोल वळण घेतलं
तिथे आता गवत नाही, नुसतं वळण आहे.
मी वाळू भरली, राय पेरली,
ठाऊक असूनही की नोव्हेंबरात राय
सगळं ऐकून घेते,
उत्तर देत नाही.

"हिरवा रंग मार," कोच म्हणाला, "टीव्हीवर कळत नाही."
मी पांढराच डबा उघडला.
दोरी ताणली, रेषा मारल्या,
गुडघ्यांवर, गोलरेषेपासून गोलरेषेपर्यंत.
लांबून हे मैदान सपाट दिसतं. नाही.
मधे वीतभर उंच आहे, कासवाच्या पाठीसारखं,
पाणी दोन्ही अंगांनी उतरावं म्हणून.
एकोणीस वर्षं मी या पाठीवर रांगतोय.

जूनमधे इथे प्लास्टिक येणार.
शाळा समितीत सात विरुद्ध दोन.
थेल्मा कॉफिनबाई म्हणाल्या, बारा वर्षांची हमी आहे.
दोघांपैकी एक दंतवैद्य होता, दुसऱ्याचं नाव
मी अजून शोधतोय.

साओ जॉर्ज बेटावर माझा बाप गाई राखायचा.
कुरण संपायचं तिथे कडा, खाली समुद्र.
म्हणायचा, उभ्याने गवत बघणारा
गवत विकत घेणारा असतो.
वाक.

गुरुवार. थँक्सगिव्हिंग. पहाटे पाच.
पारा सव्वीसवर, आणि या देशात पाणी बत्तीसला गोठतं.
सगळं मैदान पांढरं, माझ्या रेषा त्यात हरवलेल्या.
अशा वेळी गवतावर पाय ठेवायचा नसतो.
पातं काचेसारखं मोडतं,
आणि दोन दिवसांनी पाऊल काळं होऊन वर येतं.
हे मी पोरांना सांगतो, पालकांना सांगतो,
फाटकावर पाटी लावतो.

तरी कोणीतरी गेलंय.
गोलरेषेपासून थेट पन्नासापर्यंत.
टॉर्च मारला: उजवं पाऊल, उजवं पाऊल,
आणि दर पावलाच्या दोन्ही बाजूंना एकेक गोल भोक.
पन्नासावर हिवच नाही, ताटाएवढा ओला हिरवा तुकडा.
बराच वेळ उभा राहिला असणार.

लुसियन पेलतिए. बावन्न नंबर.
गुडघा सप्टेंबरात गेला. शेवटचं वर्ष.
आई गिरणीच्या जागी झालेल्या गोदामात रात्रपाळीला.
कुबड्यांची टोकं गोठलेला थर फोडून
तीन इंच खाली गेलीत, सरळ, स्वच्छ.
अशीच भोकं पाडायला मी दर वसंतात
मशीन भाड्याने आणतो.

साडेआठला ऊन कुंपण ओलांडून आलं.
नऊला कोच. पाहिलं, चिडला.
"कोण फिरलं इथे?"
"हरीण," मी म्हणालो.
त्याने ठसे पुन्हा मोजले.
"तीन पायांचं?"
"या बाजूला असतात," मी म्हणालो.

नदीपलीकडच्या गावाच्या बसेस आल्या.
दहाला शिट्टी.
दहाला पाच कमी असताना चाळिसाशी वाकलो,
मूठभर माती घेतली, दाबली.
गोळा झाला.
अंगठा लावणार, तेवढ्यात बँडने सुरुवात केली.
गोळा तसाच कोटाच्या खिशात टाकला
आणि रेषेबाहेर झालो.